रुंद हेड, अरुंद हेड

प्रश्न : माझे सासरे वकील होते. त्यांचा पीसी-एक्सटी हा जुना संगणक माळ्यावरून उतरवला आणि तो चक्क सुरू झाला. त्यांच्या एका फ्लॉपीवरचं जुनं पुसून भाच्याच्या ३८६ वर (त्यानंतरच्या पिढीचा संगणक) काही फाइली भरल्या. त्या ३८६ वर उघडतात, एक्सटीत मात्र 'सेक्टर नॉट फाउंड' (फ्लॉपीवरचा हवा तो भाग सापडत नाही) येतं. ड्राइव्ह गेला का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, सासऱ्यांच्या बाकीच्या फ्लॉप्या एक्सटीत उघडत असतील, तर ड्राइव्ह शाबूत आहे. त्याला खोलायला देऊ नका.

एक्सटीचा ड्राइव्ह ३६० केबीचा, ३८६ चा बहुतेक १.२ एमबीचा. फ्लॉपी दोन्हीकडे सव्वापाच इंचीच, पण पहिला एका बाजूला ४० ट्रॅक (माहिती लिहायची गोल वर्तुळं) आखतो, दुसरा ८०. तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रॅक बसवायचे म्हणून १.२ एमबीच्या ड्राइव्हचं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, साधारण निम्म्या रुंदीचं असतं. सासऱ्यांच्या रुंद ट्रॅकवर त्याने अरुंद ट्रॅक लिहिला, आणि कडेला जुनं तसंच उरलं. ३८६ चं हेड मधलंच पाहतं. एक्सटीचं रुंद हेड जुनं-नवं एकदम वाचतं आणि अडकतं.

तेव्हा एक्सटीत न्यायची फ्लॉपी एक्सटीतच फॉरमॅट करा, एक्सटीतच लिहा. नाइलाज असेल तर कधीच न वापरलेली किंवा बल्क इरेझरने (अख्खी फ्लॉपी एकदम पुसणारं चुंबकीय यंत्र) पूर्ण पुसलेली ३६० केबीची फ्लॉपी घेऊन ३८६ वर 'फॉरमॅट ए: /४' द्या. तो /४ विसरलात तर मशीन तिला १.२ एमबीची समजून फॉरमॅट करू लागेल आणि बॅड सेक्टरांची (खराब भागांची) रांग लागेल. ३६० केबी आणि १.२ एमबीच्या फ्लॉप्यांवरचा चुंबकीय लेपच वेगळा असतो.

उलट दिशेला अडचण नाही. ३६० केबीची फ्लॉपी १.२ एमबीचा ड्राइव्ह उत्तम वाचतो. म्हणून आधी बाकीच्या सगळ्या फ्लॉप्यांच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा. सव्वापाच इंचीत खाच झाकली की लिहिणं बंद होतं. (साडेतीन इंचीत उलटं, तिथे भोक उघडं ठेवायचं.) मग एकेक वाचून कॉपी काढा. हे मी कळकळीने सांगतोय. जेल रोडवर दुरुस्तीची कामं करायचो तेव्हा एका गृहस्थांच्या हिशेबाच्या फ्लॉपीवर १.२ च्या ड्राइव्हने मीच लिहिलं होतं. दुसरी कॉपी नव्हती. त्यांचा चेहरा मी विसरलेलो नाही.

फ्लॉपी घालण्याआधी तिच्या वेष्टणातल्या लांबट खिडकीतून तिचा काळा पृष्ठभाग उजेडात धरून पाहा. पांढुरके ठिपके दिसले तर ती बुरशी, आणि ती हेडला चिकटली की पुढच्या चांगल्या फ्लॉप्याही ओरखडते. अशी फ्लॉपी बाजूला ठेवा.

वकीलसाहेब वर्डस्टार (मजकूर लिहिण्याचा जुना प्रोग्राम) वापरत असतील, तर नोटपॅडमध्ये जवळजवळ प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर विचित्र दिसेल. फाइल बिघडलेली नसते. वर्डस्टार त्या अक्षराचा आठवा बिट (अक्षर ज्या आठ ०-१ खुणांनी साठवतात त्यांतली एक) चढवून ठेवतो, तो उतरवला की मजकूर सरळ होतो.