ऑस्कर मोठ्या टाकीत टाकायचाय? आधी त्या टाकीत कोण उरणार ते ठरव

तुझं म्हणणं थोडक्यात असं, की कळव्याला तुझ्याकडे दोन फुटी टाकीत एकटा टायगर ऑस्कर मासा आहे, सहा इंचांचा झालाय, धड वळता येत नाही त्याला, आणि कोपरखैरण्याला काकांकडे चार बाय दीड बाय दीड फुटांची चालू टाकी आहे. त्यात निऑन, गप्पी, टायगर बार्ब, दोन एंजल, चार कोरी (तळाला फिरणारी छोटी कॅटफिश) आणि एक सकर (काचेला चिकटणारा सकरमाउथ). तिकडे ह्याला न्यायचाय आणि तू विचारतोयस की हळूहळू सवय कशी लावायची म्हणजे तो बाकीच्यांना खाणार नाही.

मित्रा, अशी सवय लागत नाही. तुझा ऑस्कर स्वभावाने गरीब असेलही, तुझ्या हातून दाणे खात असेल, बोटामागे फिरत असेल, सगळे ऑस्कर फिरतात. पण जे तोंडात मावतं ते त्याच्यासाठी खाणं, ह्यात राग नाही की वैर नाही. तो चावून तुकडे करत बसत नाही, तोंड झटकन उघडतो आणि पाण्यासकट समोरचा मासा आत ओढतो, एका क्षणात संपतं. म्हणून मारामारी दिसणार नाही, रक्त दिसणार नाही, सकाळी काका लाइट लावतील आणि निऑन मोजायला कमी असतील एवढंच. आणि मग तीन-चार दिवस सगळे म्हणणार की फिल्टरमध्ये ओढले गेले असतील. मोठी टाकी झाली म्हणून तोंड लहान होत नाही ना, आणि रात्री लाइट बंद झाल्यावर निऑन कुठेतरी कोपऱ्यात सुस्त होऊन तरंगत असतात, तेव्हा चार फूट काय आणि सहा फूट काय.

त्यामुळे खरा प्रश्न शिफ्टिंगचा नाहीच, ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. काकांच्या टाकीत पुढे कोण राहणार हे ठरवायचंय, आणि तेही आजचं तोंड बघून नाही. ऑस्कर नीट खाऊ घातला तर साधारण वर्षभरात दहा इंचांच्या घरात जातो, पुढे बारा, क्वचित त्याहून मोठा, आणि सांभाळला तर दहा वर्षं सहज काढतो. तर त्या बारा इंची माशाच्या तोंडाचा विचार कर.

आता एकेक घेऊ. निऑन आणि गप्पी गेलेच समज, त्यावर चर्चा नको, आधी बाहेर काढायचे. टायगर बार्ब आज कदाचित वाचतील कारण ते चपळ आहेत, पण दोन-अडीच इंचांच्या वर काही जात नाहीत आणि त्यांना दुसऱ्यांचे पर कुरतडायची खोड असते. म्हणजे आधी ते ऑस्करला छळणार आणि सहा महिन्यांनी तो त्यांना गिळणार. एंजलचं अंग उंच असतं म्हणून मोठे एंजल लगेच गिळता येत नाहीत, पण तो त्यांना कोपऱ्यात दाबून ठेवेल, खाण्यावर येऊ देणार नाही, पर फाटतील, आणि एंजल झुरून मरतो. मी तरी ठेवणार नाही.

कोरीचं मात्र कान उघडे ठेवून ऐक, कारण तिथे फक्त कोरी मरत नाही. कोरीच्या पाठीवरच्या आणि बाजूच्या पराला काटा असतो, घाबरली की ती तो ताठ उभा करून लॉक करते. ऑस्करने तिला तोंडात घेतली की काटा घशात रुतून बसतो, तिला ना गिळता येत ना थुंकता येत, दोघंही जातात. दुकानदार सांगतो तळातला मासा आहे, वर येत नाही, चालेल. नाही चालत. लहान पिक्टस कॅटफिशचंही हेच.

सकर किती मोठा आहे ते तू लिहिलं नाहीस. सहा-सात इंचांच्या वर असेल तर राहू दे, त्याचं अंग चिलखती असतं, ऑस्कर दोनदा टोचून बघतो आणि नाद सोडतो. फक्त साधा सकरही फूटभर होतो आणि घाण ऑस्करच्या बरोबरीने करतो हे ध्यानात ठेव. आणि त्याला उपाशी ठेवू नका. पोट भरलं नाही की काही सकर रात्री मोठ्या चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडायला लागतात. काकडी, दुधी, तळाला बसणारी वेफर टाकायची.

म्हणजे काकांच्या टाकीत उरला सकर. काकांना हे मान्य आहे का ते आधी विचार, कारण त्यांनी ती निऑनची टाकी हौसेने लावली असणार आणि पुतण्याच्या माशासाठी ती रिकामी करायची म्हणजे... तुमच्या घरचा मामला आहे, पण विचार. माझं मत विचारशील तर तुझी दोन फुटी टाकी नीट धुऊन लहान मासे तिच्यात आण, ऑस्कर गेल्यावर तीच टाकी निऑन-गप्पीला ऐसपैस होईल. अदलाबदल कर सरळ.

ऑस्करला सोबत हवीच असेल तर सिल्व्हर डॉलर मासे बघ, चार, तीन इंचांच्या वरचेच घे. अंग ताटलीसारखं गोल असल्यामुळे तोंडात मावत नाहीत, झुंडीने फिरतात आणि ते बिनधास्त फिरताना दिसले की ऑस्करही बुजत नाही. झाडं असतील तर ती ते खाणार, पण झाडं तशीही ऑस्कर उपटणारच आहे. टिनफॉइल बार्ब आणि बाला शार्क पण लोक ठेवतात, पण ते दोन्ही फूटभर होणारे आणि सतत पोहणारे, चार फुटांत नको. फ्लॉवरहॉर्न तर अजिबात नको, तो कोणाबरोबरच नको.

टाकीच्या मापाबद्दल. चार बाय दीड बाय दीड म्हणजे नऊ घनफूट, काठोकाठ भरली तर २५५ लिटर, खडी आणि वरची मोकळी जागा सोडून सव्वादोनशे-अडीचशेच्या मधे कुठेतरी. एका मोठ्या ऑस्करला ही काठावरची जागा आहे. एक ऑस्कर, चार डॉलर, एक सकर इथे थांबायचं, दुसरा ऑस्कर जोडीला आणायचा मोह टाळायचा. काकांना पुढेमागे नवीन करून घ्यायची असेल तर चार बाय दोन बाय दोन करा, साडेचारशे लिटर होतात आणि रुंदी दोन फूट मिळाल्यामुळे बारा इंची माशाला आरामात वळता येतं. फक्त तिचं वजन स्टँड-खडी धरून अर्ध्या टनाच्या वर जातं, तेव्हा हॉलच्या मधोमध नको, भिंतीला लागून, खाली बीम असेल तिथे, आणि जुनी बिल्डिंग असेल तर इंजिनियरला विचारूनच. "टाकी लहान ठेवली की मासा लहान राहतो" असं कोणीतरी तुला सांगेल, त्याचं ऐकू नकोस. खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, अंग वेडंवाकडं होतं आणि आयुष्य कमी होतं.

आता फिल्टर, आणि सगळ्यात जास्त मासे इथेच जातात. काकांची टाकी चालू आहे, सायकल झालेली आहे (म्हणजे घाण पचवणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये बसलेत), त्यामुळे तुला वाटेल की काही टेन्शन नाही. पण त्या फिल्टरमधले बॅक्टेरिया सध्या निऑन-गप्पींच्या घाणीपुरतेच आहेत. दहा डब्यांच्या खाणावळीला एका दिवसात चाळीस डब्यांची ऑर्डर गेली तर जे होईल ते होतं, अमोनिया चढतो, मागून नायट्राइट चढतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. ह्यावर उपाय फुकट आहे, तुझ्या जुन्या टाकीतला फिल्टर आतल्या स्पंजसकट ऑस्करबरोबर घेऊन जा आणि काकांच्या टाकीत त्यांच्या फिल्टरशेजारी महिनाभर चालू ठेव. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, जुन्या टाकीच्याच पाण्यात बुचकळून काढायचा, आणि नेताना ओला ठेवायचा, टाकीच्या पाण्यात बुडवून, अर्ध्या-पाऊण तासाने काही होत नाही. तुझ्या टाकीत येणाऱ्या निऑनसाठी काकांकडचा थोडा स्पंज कळव्याला आण, तो हिशोब पण तसाच आहे. ड्रॉपवाली टेस्ट किट घे, अमोनिया आणि नायट्राइट शून्य पाहिजे, नायट्रेट चाळीस पीपीएमच्या आत. आणि हे उन्हाळ्यात करणार असशील तर जास्त सांभाळ, पाणी गरम असलं की ऑक्सिजन कमी विरघळतो आणि त्याच अमोनियातला विषारी भाग वाढतो. पीएचचं तर विचारूच नकोस, सातचा आठ झाला की तो भाग जवळजवळ दहापट.

पुढे दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास पाणी बदलायचं आहे, म्हणजे शंभर लिटरच्या वर, वीस लिटरच्या पाच-सहा बादल्या. काका हे करणार आहेत का? पाणीपुरवठ्याच्या शटडाउननंतर पाणी येतं ते पहिल्यांदा गढूळ आणि क्लोरीनचा भपकारा मारणारं असतं, ते थेट टाकीत जाता कामा नये. ड्रम भरून ठेवायचा, अँटीक्लोर (क्लोरीन घालवणारं औषध) टाकायचं, मग वापरायचं. सोसायटीत कधी टँकरचं पाणी मिसळत असेल तर पीएच आणि हार्डनेस दोन्ही हलतात, तेव्हा एकदम निम्मं न बदलता थोडं थोडं.

जायच्या आधी दोन-तीन आठवडे ऑस्करवर नजर ठेव. त्याला आजवर जिवंत मासे घालत असशील तर आजच बंद कर. फीडर, म्हणजे खाऊ म्हणून विकले जाणारे, गप्पी आणि गोल्डफिश दुकानात कोंबून ठेवलेले असतात, व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) आणि किडे त्यांच्यातूनच येतात, आणि गोल्डफिशमध्ये बी-वन जीवनसत्त्व मोडणारं थायमिनेज असतं, सतत तेच खाल्लं तर बी-वनची कमतरता होते. शिवाय समोर पोहणारा मासा म्हणजे जेवण हे तूच त्याला रोज शिकवतोयस. चांगले पेलेट, अधूनमधून सोललेली कोळंबी, गांडूळ, बस्स. डोक्यावर खड्डे पडायला लागलेले दिसले तर शिफ्टिंग थांबव आणि आधी पाणी सुधार, मळकं पाणी आणि एकसुरी खाणं ह्यांच्याशी त्याचा संबंध जोडला जातो.

नेताना: आदल्या दिवशी उपाशी ठेव, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. जाळीने पकडू नकोस, मोठ्या ऑस्करचे पर आणि गालफड जाळीत अडकतात, टाकीतलं पाणी अर्धं उपसून त्याला सरळ झाकणाच्या बादलीत घे. वीस लिटरची, नवीन, साबण न लागलेली, अर्धी भरलेली, बॅटरीवरचा एअर पंप सोडलेला. लोकलचं डोक्यातून काढ, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बर बदलताना बादली घेऊन जिना चढशील का? रिक्षा कर, विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रोडला लाग. पावसाळ्यात मात्र विटाव्याच्या सबवेत पाणी भरलं की तिथेच अडकशील, तेव्हा तो दिवस सोडून जा. शनिवारी संध्याकाळी ने, म्हणजे रविवारी काका घरी असतील आणि नजर राहील.

तिथे पोचल्यावर बादलीत टाकीचं पाणी मगभर मगभर टाकत अर्धा तास घालव, तापमान जुळू दे, आणि मग मासा उचलून टाकीत, बादलीतलं पाणी संडासात. दोन तास ड्रिप लावून थेंबथेंब पाणी सोडायची गरज नाही एवढ्या प्रवासाला. त्याआधी टाकीतले दगड-लाकूड हलवून जागा बदल, म्हणजे सकरची ठरलेली जागा मोडते आणि दोघंही नव्याने सुरुवात करतात. लाइट बंद.

पहिल्या दिवशी तो कदाचित तळाला आडवा पडून राहील, रंग काळपट होईल, दाण्याकडे बघणार पण नाही. काका फोन करतील की मेला वाटतं. ऑस्कर रुसतो, खरंच, मोठमोठे ऑस्कर असंच करतात, श्वास नीट चालू असेल आणि अमोनिया शून्य असेल तर हात लावायचा नाही. तीन-चार दिवस नाही खाल्लं तरी चालतं. फक्त त्याला मनवायला कोणी जिवंत मासा टाकू नये. सिल्व्हर डॉलर आणायचे असतील तर ते हा स्थिरावल्यावर, तेही वेगळ्या टबात दोन-तीन आठवडे ठेवून, आणि सोडल्यावर पहिला आठवडा मधे भोकं पाडलेली अॅक्रिलिकची शीट लाव.

आणि समजा काका नाही म्हणाले, तर कोणाला तरी दे, दुकानात परत दे, कुर्ल्याच्या मार्केटला मोठे ऑस्कर घेणारे मिळतात. ठाण्याच्या मासुंदा किंवा उपवन तलावात सोडायचं मात्र मनातही आणू नकोस. सकरमाउथ अशाच टाकीतून सोडलेल्या माशांनी देशभरातल्या नद्या-तलावांत पसरलाय, आणि २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात अॅलिगेटर गार हा अमेरिकेतला मासा सापडला, तो काही पोहत आला नव्हता.

राहिलं झाकण आणि हीटर. ऑस्कर उडी मारतो, विशेषतः नव्या जागेत पहिल्या रात्री, तेव्हा काच नुसती ठेवून चालणार नाही, वर वजन ठेव किंवा क्लिप लाव. हीटर काचेचा असेल तर त्याला प्लॅस्टिकची जाळी बसव, तो शेपटीने फोडतो. कोपरखैरण्यात हीटर वर्षातले थोडेच दिवस लागेल, तेव्हा बाकी काळ काढूनच ठेवा. काकांचा फिल्टर कुठला आहे, ताशी किती लिटरचा आहे आणि सकर किती इंचांचा आहे तेवढं सांग, मग एक्स्ट्रा फिल्टर कायमचा लागेल की नाही ते बघू.