सांगणाऱ्याचं नाव लिही

प्रिय पोरी,

तुझा लांबलचक मेसेज रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. फोनवर दोन ओळींत उत्तर देण्यासारखं हे नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

आपल्या मर्दानी खेळांच्या पथकाची स्मरणिका निघतेय, त्यातलं ‘आपल्या पथकाचा इतिहास’ हे पान तुझ्याकडे दिलं. तू जुन्या तीन जणांकडे जाऊन आलीस. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या आणि तू मला विचारतेस, ‘आप्पा, यातलं खरं काय लिहू?’

तू मेहनती आहेस, पट्टा चांगला फिरवतेस, हे तुला ठाऊक आहे, ते मी सांगत बसत नाही. मला तुझा प्रश्नच खटकला. तुझ्या मेसेजमध्ये तिन्ही गोष्टी तपशीलवार आहेत, पण सांगणाऱ्याचं नाव एकाही गोष्टीला नाही. ‘एक काका म्हणाले.’ ‘जुनी मंडळी सांगतात.’ कोण काका? ते पथकात कधी आले? त्यांनी स्वतः पाहिलं की दुसऱ्याकडून ऐकलं? हे न विचारता थेट खरं-खोटं करायला निघालीस, म्हणून गोंधळलीस.

माझी आजी अहिराणीच बोलायची. गावातली कुठलीही बातमी घरात आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुले कोनी सांगं?’ बातमी बरी की वाईट, ते नंतर. आधी कोणी सांगितलं ते सांग. माझं इतिहासाचं सगळं शिक्षण त्या प्रश्नावर झालं आणि तुलाही मी तोच प्रश्न देणार आहे. पत्रात तो पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नकोस.

आधी रांगेतल्या रिकाम्या जागेचं बघू, कारण तू तिथेच अडली आहेस. सराव सुरू होण्यापूर्वी आपण ओळीत उभे राहतो तेव्हा डावीकडून पहिली जागा मोकळी सोडतो. नव्या पोरांना सांगतात, ही सूर्यराव काकड्यांची जागा, शिवाजी महाराजांच्या काळात साल्हेरच्या लढाईत पडले त्यांची. दुसऱ्याने तुला सांगितलं की ती आपल्या पहिल्या वस्तादांची. शुक्रवारी ते नमाज आटोपून यायचे, तोवर पोरं त्यांची जागा सोडून उभी राहायची. तिसरे, हलगीवाले, म्हणाले की जुन्या मैदानात त्या जागी निंबाचं मूळ वर आलेलं होतं, तिथे पाय ठरायचा नाही, एवढंच.

मी पथकात आलो तेव्हा जागा मोकळीच होती. मला वस्तादांच्या पुतण्याने नमाजची गोष्ट सांगितली, तीही बनेटीला चिंध्या गुंडाळता गुंडाळता. माझा कल त्या गोष्टीकडे आहे. तुला मात्र माझा कल लिहायचा नाही. तिन्ही गोष्टी लिही आणि प्रत्येकीखाली सांगणाऱ्याचं नाव, वय, त्याने कुठल्या साली पहिल्यांदा काठी धरली ते लिही. हलगीवाल्यांना गाळू नकोस. मूळ आणि निंब ही गोष्ट कोणाच्याच मोठेपणात भर घालत नाही, म्हणून ती स्मरणिकेत पहिल्यांदा कापली जाईल. तू ती कापू देऊ नकोस.

आता साल्हेर. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यात साल्हेर आहे. तेव्हापासून जो तो साल्हेरशी नातं सांगू लागलाय. किल्ला बागलाणात, आपल्या खानदेशाच्या वेशीवर. फेब्रुवारी 1672 मध्ये इखलासखान आणि बहलोलखान वेढा देऊन बसले होते, त्यांच्यावर एका अंगाने प्रतापराव गुजर आणि दुसऱ्या अंगाने मोरोपंत पिंगळे चालून गेले. मोकळ्या मैदानात मोगलांना मराठ्यांनी सरळ हरवलं. हे तुला पाठ आहे, दरवर्षी आपण ते मैदानावर करून दाखवतो. पण सूर्यराव पडले, हे तुला कोणी सांगितलं? शिवाजी महाराजांची बखर लिहिणाऱ्या सभासदाने. तो कुठे होता? जिंजीत, राजाराम महाराजांपाशी. लढाई होऊन वीस-पंचवीस वर्षं झाल्यावर, महाराजांच्या सांगण्यावरून तो लिहायला बसला. त्याने लिहिलंय की धुरळा असा उडाला, तीन कोसांत आपला कोण, परका कोण ते दिसेना. सूर्यरावांना त्याने महाभारतातल्या कर्णाची जोड दिली आणि ते जंबुऱ्याचा, म्हणजे लहान तोफेचा, गोळा लागून पडले असं सांगितलं.

आपल्या प्रयोगात आपण काय करतो? पाहुण्यांच्या डोळ्यांत धूळ जायला नको म्हणून सकाळीच टँकरने मैदानावर पाणी मारतो. आणि सूर्यरावांना एका खानाच्या तलवारीने पाडतो, कारण समोरासमोरच्या झुंजीला टाळ्या पडतात. मी यावर फार भांडलो. ज्या एका माणसाच्या सांगण्यावरून आपण तो मृत्यू दाखवतो, त्याचं सांगणं बाजूला ठेवून आपल्या सोयीचा मृत्यू दाखवायचा हे मला सहन झालं नाही. शेवटी गोळ्याचा आवाज आला. पाण्याचा टँकर अजून येतो.

सभासदाचं प्रत्येक वाक्य कोरलेलं सत्य आहे असं मी म्हणत नाही. तो दरबारातला माणूस, धनी समोर बसलेला, थोरल्या महाराजांची कीर्ती सांगायची होती. ते ध्यानात ठेवूनच वाचायचं. पण ते ध्यानात ठेवता येतं, कारण तो कोण होता हे आपल्याला माहीत आहे. ‘जुनी मंडळी सांगतात’ या वाक्याला असं काही विचारताच येत नाही.

अशीरगडाची गोष्ट तुला लहानपणापासून ठाऊक असणार. आसा अहिराचा गड, त्यावर खानदेशच्या फारुकी सुलतानाची, नसीरखानाची नजर. माझ्या बायकामुलांना तुझ्या गडावर आसरा दे, अशी विनंती त्याने केली. पहिल्या डोल्यांतून बायका आल्या, नंतरच्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले आणि आसाचं कुटुंब कापलं गेलं. अहिराणी मुलखात ही गोष्ट अजूनही गहिवरून सांगतात. लिहून कोणी ठेवली? फिरिश्ता नावाच्या इतिहासकाराने, विजापूरच्या आश्रयाला राहून, घटनेला दोनशे वर्षं उलटल्यावर. डोल्यांतून शिपाई आणण्याची गोष्ट हिंदुस्थानात आणखी किल्ल्यांबद्दलही सांगतात. म्हणून ती फेकून द्यायची का? मुळीच नाही. फिरिश्ताचं नाव लावून सांगायची. आणि बघ, ज्यांनी तो गड घेतला ते फारुकी तरी काय सांगत होते? खलिफा उमर फारूक हा आपला मूळपुरुष. त्यांच्यातल्या पहिल्याने, मलिक राजाने, थाळनेरला 1370 च्या सुमारास बस्तान बसवलं तेव्हा तो एक सरदार होता. पुढे वंशावळ आली. बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृतातही शिलालेख आहे, त्यात राजांची वंशावळ आहे. राजघराण्यांनाही असं लांबचं नातं लागतं, मग आपल्या पथकातल्या पोरांना लागलं तर नवल काय. फक्त ते आपलं सांगणं आहे, एवढं लिहिलं पाहिजे.

आणखी एक टोचणारी गोष्ट, जी स्मरणिकेत कोणी घेत नाही. आपण सगळे मावळ्यांच्या वेषात उभे राहतो. पण 1670 च्या दशकात मराठी फौजांनी आपल्याच खानदेशातली धरणगावची पेठ लुटली. तिथे इंग्रजांची वखार होती, त्यांच्या पत्रांत त्याचे उल्लेख आहेत. तो इंग्रज आपल्या मालाचं नुकसान मोजत होता, हे धरूनच त्याचं वाचायचं. तरी पेठेतल्या तेल्याचं, साळ्याचं काय झालं, याचा मागमूस त्याच्याच कागदांत लागेल, सभासदात लागणार नाही. आपले पूर्वज त्या दिवशी घोड्यावर होते की दुकानाच्या फळ्या लावत होते? पथकातल्या बहुतेकांच्या घराण्याचा धंदा बघितलास तर तुलाच कळेल. यात मान खाली घालण्यासारखं काही नाही. मला उलट वाटतं, साल्हेरच्या जोडीला एकदा धरणगावची पेठही उभी करावी.

तू मागे त्या अमेरिकेतल्या मध्ययुगवाल्यांचा व्हिडिओ पाठवला होतास. त्यांचं मला कौतुक वाटतं. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या एका घराच्या परसात 1966 च्या 1 मे रोजी (आपला महाराष्ट्र दिन!) काही तरुण मंडळींनी शूर सरदारांचे वेष घालून स्पर्धा भरवली. पुढे त्याचं मोठं मंडळ झालं. आजही ते त्या दिवसापासून आपलं वर्ष मोजतात. त्यांची ‘राज्यं’ आहेत, राजा सामन्यात जिंकून होतो. त्यांच्यात एक गोष्ट सांगतात. एका राज्याच्या राजाने शेजारच्या राज्याला युद्धाचं आव्हान पाठवलं. उत्तर आलं नाही. मग तो नोकरी-शिक्षणापायी त्या दुसऱ्या राज्याच्या हद्दीत राहायला गेला, तिथेही राजा झाला आणि स्वतःचंच आव्हान त्याने स्वीकारलं. 1972 पासून, कोरोनाची दोन वर्षं सोडली तर, ते युद्ध दरवर्षी होतं. ही गोष्ट ते प्रेमाने सांगतात, पण ती आपल्यातल्याच, हयात असलेल्या माणसाची आहे हे लपवत नाहीत. साठ वर्षांचा इतिहास त्यांना पुरतो. आपल्याला मात्र तो तीनशे-साडेतीनशे वर्षांचा केल्याशिवाय चैन पडत नाही.

आता पथक फुटलं त्याबद्दल. तू विचारलं नाहीस, पण तुझ्या कानावर आलंच असणार, आणि ‘आप्पांनी फोडलं’ असंच आलं असणार. एका मोठ्या कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘साल्हेरपासून अखंड परंपरा’ असं छापायचं ठरलं. मी म्हणालो, छापा, पण खाली लिहा की हे कोणी सांगितलं. कोणाचंच नाव पुढे येईना. कोणी म्हणे, हे सर्वांनाच माहीत आहे. मग वस्तादांचं नाव पत्रकातून काढण्याची सूचना आली. कारण तोंडावर कोणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळलं. ज्या माणसाने पोरांच्या मनगटाला दस्ताना बांधायला शिकवलं, ज्याने फरी-गदगा, म्हणजे ढाल-काठी, शिकवण्याचा एक पैसा कधी घेतला नाही, मोहरमच्या आखाड्यात जे फिरवायचा तेच शिवजयंतीला आपल्याला शिकवलं, त्याचं नाव काढायचं आणि जागी साल्हेर लिहायचं! मी सही केली नाही. निम्मी पोरं उठून गेली. त्यात माझा एक जिवाभावाचा मित्रही गेला. वस्तादांचे पवित्रे त्याच्याइतके कोणाला येत नव्हते. फेकलेला विटा, म्हणजे दोरी बांधलेला भाला, दोरीने परत खेचून हातात घ्यायची त्यांची एक तऱ्हा होती, ती त्याच्याकडेच होती. पुढे तो वारला. ती तऱ्हा कोणी शिकून घेतलेली नाही, कोणी चित्रित केलेली नाही. याचं दुःख मला रोज होतं. तरी तेच पत्रक उद्या परत समोर आलं तर मी पुन्हा सही करणार नाही. माझी तालीम ज्याच्या नावावर आहे त्याचं नाव खोडून मला साल्हेरचा वारस व्हायचं नाही.

म्हणून चिडतो तुझ्यावर. तुझ्या हातात आज ते लोक आहेत, माझ्या हातातून निघून गेले.

धुळ्याला आलीस की राजवाडे संशोधन मंडळात एकदा जाऊन ये. इतिहासकार वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 ला धुळ्यातच गेले, पुढच्याच वर्षी मंडळ उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे 22 खंड त्यांनी काढले, पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरून, वाण्याच्या रद्दीतून कागद सोडवत. कागद कोणाच्या घरचा, ते ते नोंदवायचे. त्यांचे निष्कर्ष आज कोणी मानेल, कोणी खोडेल. खोडताही येतं, कारण मूळ कुठलं ते लिहून ठेवलंय. आपल्या चक्कीवर दळणाच्या डब्याला नाव नसेल तर तुझी दादर ज्वारी दुसऱ्याच्या बाजरीत जाते. पुढची ओरड नको म्हणून आपण नाव लिहितोच ना? मग वस्तादांच्या गोष्टीला का नाही?

आता काम. येत्या रविवारी पुन्हा हलगीवाल्यांकडे जा. दुपारी बारानंतर नको, उन्हात त्यांना धाप लागते. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडे बस. फोन रेकॉर्डिंगला लावण्याआधी त्यांना सांग, विचार. मध्ये चूक दुरुस्त करू नकोस. ते साल चुकीचं सांगतील, सांगू दे, जसं सांगतील तसं उतरव. जुन्या मैदानाची रांग त्यांना जमिनीवर काडीने काढायला लाव आणि निंब कुठे होता ते दाखवायला सांग. मग वस्तादांच्या पुतण्याकडे जा, त्यांच्याकडून वस्तादांचं पूर्ण नाव, त्यांच्या बापाचं नाव आणि ते कोणाकडे शिकले ते घे. ते नाव मलाही ठाऊक नाही. आम्ही त्यांना नुसतं ‘वस्ताद’ म्हणत राहिलो.

स्मरणिकेच्या त्या पानाला जागा कमी पडतेय असं संपादक म्हणाले तर सांग, दोन पानं लागतील. जाहिरात कापावी लागली तर त्या पानाचे पैसे मी भरतो. पान छापायला जाण्याआधी मला दाखवू नकोस. माझीही गोष्ट त्यात येणार, तिच्याखाली माझं नाव घाल, आणि वस्तादांची ती नमाजची गोष्ट मी स्वतः पाहिलेली नाही, पुतण्याकडून ऐकली, हेही लिही.

तुझा
आप्पा