प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कर्मचाऱ्यांना ‘व्यावसायिक नीतिमत्ता’ म्हणजे नेमकं काय वाटतं?

हा प्रश्न विचारताना तुम्ही लिहिलंय की नर्सिंगला एथिक्सचा (नीतिमत्तेचा) धडा आहे, पण सरकारी दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या मनात त्याचा अर्थ काय असतो ते पुस्तकातून कळत नाही. मी मराठवाड्यात आधी आरोग्य सेविका आणि नंतर आरोग्य सहायिका होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माझ्या पाहण्यातलं सांगते.

हाच प्रश्न आमच्या बायकांना विचारलात तर बहुतेक जणी म्हणतील, “पैसे खायचे नाहीत, पेशंटवर खेकसायचं नाही, मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावातच राहायचं.” बरोबरच आहे. बाळंतपणानंतर पेढ्यांचे म्हणून हातात कोंबलेले पैसे परत करणाऱ्या कितीतरी जणी मी पाहिल्यात. पण त्यांतलीच एखादी ओपीडीच्या दारातून “ती एचआयव्हीवाली आली का गं?” असं ओरडते, आणि आपलं काही चुकलं हे तिच्या गावीही नसतं. एचआयव्हीचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. ठरावीक अपवाद सोडले तर त्या माणसाच्या संमतीशिवाय ही गोष्ट कुणालाही सांगता येत नाही.

मी तरी कुठे वेगळी होते? दोन मुलींची एक आई माझ्याकडून तांबी, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ती कॉपर-टी, बसवून गेली. घरात सांगितलं नव्हतं तिने. पुढे धाकटीच्या लसीसाठी मी त्यांच्या घरी गेले. सासू ओसरीवर शेंगा फोडत होती, ही पाणी घेऊन आली. मी रजिस्टर उघडून विचारलं, “तांबी कशी आहे गं? अंगावरून जास्त जात नाही ना?” सासूचे हात थांबले. आठवड्यात नवरा तिला घेऊन उपकेंद्रात आला. तांबी मीच काढली. वर्षभरात तिसऱ्यांदा दिवस गेले. नंतर ती मला बघितलं की वाट बदलायची. माझ्या डायरीत त्या भेटीपुढे “पाठपुरावा केला” असं लिहिलं होतं, त्यावर साहेबांची सहीसुद्धा आहे.

मनात वाईट नव्हतं. घरातली गोष्ट घरातल्यांसमोर विचारली, त्यात काय लपवायचं, असंच आम्हाला वाटायचं. त्यात उपकेंद्राची खोली एक, टेबल एक, आणि पुढची बाई आधीच्या बाईच्या खांद्यावरून रजिस्टरात डोकावतेय. पुढे मी जुनी साडी पडद्यासारखी लावली. साडीने आवाज थोडाच अडतो!

संमतीचंही तसंच. १८ वर्षं पूर्ण झालेल्या बाईला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती पुरते. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही नवऱ्याची सही लागत नाही. तरी आमच्याकडे “मालकांना घेऊन या” हे ठरलेलं. उद्या कुणी दारात येऊन भांडलं तर वर कोण निस्तरणार, ही भीती. बाईला तशीच माघारी पाठवायचं, याला आम्ही ‘जबाबदारीने वागणं’ म्हणत होतो. तुमचा प्रश्न समजुतीचा आहे म्हणून मला हे पैशांपेक्षा मोठं वाटतं. पैसे खाणाऱ्याला आपण खातोय हे निदान माहीत असतं.

आणि कुटुंबनियोजनाचं टार्गेट. १९९६ साली कागदावरून गेलं, पण महिन्याच्या मीटिंगमध्ये कुणाच्या किती केसेस झाल्या हे वाचलं जायचंच. बाळंतपणानंतर लगेच बसवायची तांबी आली तेव्हा ऐन कळांमध्ये “बसवू ना गं?” असं विचारताना मी ऐकलंय. त्या वेळी बाई कशालाही हो म्हणते. ही विचारणा गरोदरपणाच्या तपासणीतच, तिला विचार करायला वेळ असताना करायची असते.

त्या शेंगांच्या प्रसंगानंतर मी घरात फक्त लेकराची लस आणि वजन यांचंच बोलायला लागले. उठताना सुनेला म्हणायचं, “चल, मला फाट्यापर्यंत सोडायला.” वाटेत तिचं बोलून व्हायचं. ही युक्ती मला एका जुन्या सेविकेने दिली, कुठल्या ट्रेनिंगमध्ये नाही. सगळीकडे चालायची असंही नाही. काही सासवा चपला घालून आमच्याआधी अंगणात उभ्या असायच्या.