एकटी पास, सगळ्यांसोबत फेल

प्रश्न: पीएचपीयुनिटमध्ये (पीएचपी कोड तपासायचं टूल) माझी एक टेस्ट एकटी चालवली की पास होते, सगळ्या एकत्र चालवल्या की फेल. दोन दिवस डोकं फोडतोय, काय असेल?

उत्तर: बहुतेक स्टॅटिक व्हेरिएबलचा (जे प्रत्येक ऑब्जेक्टचं वेगळं नसून सगळ्या क्लासचं मिळून एकच असतं) घोळ आहे बघा. पीएचपीयुनिट प्रत्येक टेस्टला टेस्ट क्लासचा नवा ऑब्जेक्ट बनवतं, त्यामुळे साध्या प्रॉपर्टी कोऱ्या मिळतात, पण स्टॅटिक मात्र तशीच राहते, म्हणजे समजा कार्ट स्टॅटिक असेल, तर आधीच्या टेस्टने कार्टमध्ये टाकलेल्या २ वस्तू तुमच्या टेस्टला आयत्या मिळतात आणि १ हवी तिथे ३ दिसतात. सेटअप नावाच्या मेथडमध्ये ती स्टॅटिक प्रॉपर्टी रिकामी करा, सेटअप दर टेस्टआधी चालतं. आणि हो, उत्तर बरोबर आलं का ते तपासताना असर्टईक्वल्सपेक्षा असर्टसेम वापरा, पहिल्याला आकडा १ आणि स्ट्रिंगमधला '१' सारखेच वाटतात. मग एकदा रँडम ऑर्डरने चालवून बघा, असं अजून कुठे लपलेलं असेल तर पकडायला सोपं जातं.