'शेड्यूल' की 'स्केजूल', 'ऑफन' की 'ऑफ्टन': नेमका बरोबर उच्चार कोणता?

चारही बरोबर आहेत, पण फरकाची कारणं वेगळी.

'शेड्यूल' ब्रिटिश, 'स्केजूल' अमेरिकन. हल्ली ब्रिटनमधली तरुण मंडळीही सर्रास 'स्क' म्हणतात. गंमत म्हणजे मूळ उच्चार यांपैकी एकही नव्हता. फ्रेंचमधून आलेला हा शब्द आधी 'स'ने सुरू व्हायचा. पुढे लॅटिनच्या धर्तीवर स्पेलिंगमध्ये 'एससीएच' आलं आणि ते वाचायचं कसं, यावरून फाटे फुटले.

'ऑफन'मध्ये देशाचा प्रश्न नाही. 'लिसन', 'फासन' यांच्याप्रमाणेच त्यातलाही 'ट' बोलताना गळून गेला होता. पुढे स्पेलिंग बघून लोक तो पुन्हा उच्चारू लागले आणि शब्दकोशांनीही ते मान्य केलं. 'लिस्टन' मात्र आजही चूकच. का, असं विचारू नका. यात तर्क नाही, फक्त रूढी आहे.

'ईदर-आयदर' दोन्ही देशांत चालतात, तिथे डोकं शिणवू नका. घोटाळा होतो तो 'हॉस्टाइल'सारख्या शब्दात. अमेरिकन माणूस 'शत्रुत्वाचा' या अर्थाने ते 'हॉस्टल' असं उच्चारतो, म्हणजे ऐकायला थेट वसतिगृह! संदर्भावरूनच ओळखावं लागतं.

माझ्या मते स्वरांपेक्षा आघाताकडे, म्हणजे शब्दाच्या कोणत्या भागावर जोर येतो याकडे, जास्त लक्ष द्या. मराठीत आघाताने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो कुठेही देतो. इंग्रजीत 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या पहिल्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. 'लॅबोरेटरी'मध्ये अमेरिकन 'लॅ'वर जोर देतात, ब्रिटिश 'बॉ'वर. 'डेव्हलप'चा आघात दोन्हीकडे 'व्हे'वर. 'डे'वर दिलात तर ऐकणारा क्षणभर अडखळतो.

पडताळायला केंब्रिजचा ऑनलाइन शब्दकोश उघडा. तिथे ब्रिटिश आणि अमेरिकन ध्वनिफिती वेगवेगळ्या ऐकता येतात. उच्चारलेखनात वरच्या बाजूला दिसणारी छोटी उभी रेघ म्हणजे आघात तिच्या लगेच पुढच्या अवयवावर. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशात एखाद्या उच्चाराआधी भागाकाराचं चिन्ह दिसलं, तर तो प्रचारात आहे पण अनेकांना खटकतो, असं समजा. 'न्यूक्लिअर'चा 'न्यूक्युलर' त्यातलाच. परीक्षेत किंवा मुलाखतीत असे उच्चार टाळलेलेच बरे.