'अधोलोकात उतरला' की 'नरकात उतरला'?

प्रश्न एका वाचक भगिनीचा आहे. शेजारच्या ख्रिस्ती काकूंच्या मंडळीची प्रार्थनापुस्तिका नव्याने छापायची होती, मुद्रितशोधन यांच्याकडे आलं. विश्वासांगीकारात, म्हणजे उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत, येशूबद्दल 'तो अधोलोकात उतरला' असं वाक्य होतं. 'अधोलोक' आता कुणाला कळतो, म्हणून यांनी तिथे 'नरकात उतरला' केलं. काकूंनी ते पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "तसं नको गं, ते निराळं आहे." मग यांचा प्रश्न: दोन्ही शब्दांचा अर्थ एकच ना? आणि जाता जाता, 'सार्वकालिक शिक्षा' याऐवजी 'चिरंतन शिक्षा' चालेल का?

काकूंचं बरोबर आहे. या दोन शब्दांमधली रेघ पुसली, तर नरकाविषयी ख्रिस्ती लोकांमध्ये शेकडो वर्षं जो वाद चालला आहे त्याची एक बाजू आपण नकळत घेऊन बसतो.

मुळापासून पाहू. बायबलच्या हिब्रू भागात मृतांच्या जागेला 'शिओल' म्हणतात. हा शब्द तिथे सुमारे ६५ वेळा येतो. शिओलात पापी जातात तसे सज्जनही जातात. योसेफ मेला असं समजून त्याचा बाप याकोब म्हणतो की मी शोक करत करत माझ्या मुलाकडे शिओलात जाईन. याकोबाला स्वतःला शिक्षा व्हायची आहे असं मुळीच म्हणायचं नाही, त्याला मुलाला भेटायचं आहे. ईयोब तर देवाला विनवतो की तुझा राग शमेपर्यंत मला शिओलात लपवून ठेव. शिक्षेच्या जागी लपवून ठेव असं कोण म्हणेल? शिओल म्हणजे खालची, अंधारी, निःशब्द जागा, जिथे मेलेले सगळेच जातात. पुढे ग्रीक भाषांतरात त्यासाठी 'हेडीस' आला, लॅटिनमध्ये 'इन्फेर्नुस', म्हणजे खालचं.

दुसरा शब्द 'गेहेन्ना'. हे एका खऱ्याखुऱ्या दरीचं नाव आहे, 'गे हिन्नोम', हिन्नोमची दरी. यरुशलेमच्या जुन्या शहराच्या दक्षिण-नैर्ऋत्येला ती आजही आहे, आणि आज तिथे हिरवळ आहे, झाडं आहेत, लोक फिरायला जातात. इथे कधीकाळी मोलख या दैवतापुढे लेकरं अग्नीत अर्पण केली जात. यिर्मया या संदेष्ट्याने या दरीला शाप दिला, योशिया राजाने ती भ्रष्ट केली. येशूच्या काळापर्यंत तिचं नाव देवाच्या न्यायाच्या आगीचं नाव झालं होतं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या ग्रीक भागात, 'गेहेन्ना' बारा वेळा येतो, त्यातल्या अकरा वेळा येशूच्याच तोंडी. तिथे शहराचा कचरा सतत जळत असे, असं प्रवचनांतून बऱ्याचदा ऐकू येतं. पण त्याचा सर्वांत जुना लेखी उल्लेख १२०० च्या सुमारास डेव्हिड किमही या ज्यू भाष्यकाराकडे सापडतो, आणि उत्खननात त्याला दुजोरा मिळालेला नाही. मला वाटतं लेकरांच्या बळींची आठवण त्या नावाला भयंकर करायला पुरेशी होती.

आता भाषांतरकारांनी काय केलं ते पाहा. चौथ्या शतकात गॉथिक भाषेत बायबल नेणाऱ्या वुल्फिलाने हेडीससाठी आपल्या भाषेतला 'हाल्या' घेतला आणि गेहेन्ना मात्र तसाच ठेवला. लॅटिनमध्येही गेहेन्ना तसाच राहिला. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात मात्र सगळ्याची सरमिसळ झाली. शिओलसाठी ३१ वेळा 'हेल', ३१ वेळा 'ग्रेव्ह' म्हणजे थडगं, आणि तीनदा 'पिट' म्हणजे खड्डा. गेहेन्नालाही 'हेल'च. त्यामुळे इंग्रजी वाचकाला दोन जागा आहेत हे कळायची सोयच उरली नाही.

मराठीत ही रेघ राखली गेली याचं मला मनापासून कौतुक वाटतं. रूढ मराठी पवित्र शास्त्रात शिओल आणि हेडीस यांना 'अधोलोक' आहे, गेहेन्नाला 'नरक'. शब्दांची निवड सोपी नव्हती. 'पाताळ' हाताशी होतं, पण आपलं पाताळ दुःखाची जागा नाही. विष्णुपुराणात नारद पाताळ पाहून येतो आणि ते स्वर्गाहून रम्य आहे म्हणून सांगतो, आणि नरक त्याच्याही खाली आहेत. शिवाय पाताळ म्हटलं की बळीराजा आठवतो, आणि त्याचं राज्य परत येवो असं आपण दर दिवाळीत म्हणतो. 'अधोलोक' त्यामानाने रिकामा शब्द होता, फक्त 'खाली' एवढंच सांगणारा, अगदी लॅटिन 'इन्फेर्नुस'सारखा. एक भर घालायला हवी: जैन वाचकाला तो रिकामा वाटणार नाही, कारण जैन विश्वरचनेत सात नरकभूमी अधोलोकातच आहेत.

आणि 'नरक'? यास्काने निरुक्त या शब्दव्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात त्याची फोड 'न्यरकं, नीचैर्गमनम्' अशी केली, म्हणजे खाली जाणं. लगेच दुसरी फोडही दिली: जिथे रमायला थोडीसुद्धा जागा नाही तो नरक. दुसरी फोड व्युत्पत्ती म्हणून टिकेल की नाही हा वेगळा प्रश्न, पण नरकाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. जुन्या मराठीत विष्ठेलाही नरक म्हणत, त्यामुळे या शब्दाला किळसेचा वासही आहे. (नरकचतुर्दशीतला नरक मात्र असुराचं नाव आहे, त्याची इथे गल्लत नको.)

पण 'नरक' शब्द घेताना त्याच्याबरोबर एक गोष्ट आली. पुराणांतले नरक संपतात. भागवतात अठ्ठावीस नरकांची यादी आहे, एकेका पापाला एकेक, आणि पाप फिटलं की जीव पुढच्या जन्माला मोकळा. 'नरक' म्हणताना मराठी मनात ही मुदत आपोआप धरलेली असते. म्हणूनच 'सार्वकालिक' हा शब्द मराठी बायबलमध्ये एवढा महत्त्वाचा झाला. नुसतं 'नरक' म्हणून ख्रिस्ती शिकवणीतला न संपणारा भाग कळला नसता. गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत तर नरकाला आजही 'यमकोंड' म्हणतात. १६१६ मध्ये थॉमस स्टीफन्स या ख्रिस्ती धर्मगुरूने ओव्यांत ख्रिस्तपुराण लिहिलं, त्यात स्वर्गाला 'वैकुंठ' आहे. आधीच्या श्रद्धेचे शब्द घेतल्याशिवाय नव्या श्रद्धेला बोलताच येत नाही.

तर आता 'सार्वकालिक'कडे. मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय २५:४६) एक गट 'सार्वकालिक शिक्षा' भोगायला जातो आणि दुसरा 'सार्वकालिक जीवन' उपभोगायला. ग्रीकमध्ये दोन्हीकडे 'आयोनियस' हे एकच विशेषण आहे, 'आयोन' म्हणजे युग यावरून आलेलं. सगळा वाद या एका विशेषणाभोवती फिरतो. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताला वाटलं की शिक्षा ही वैद्याच्या औषधासारखी आहे आणि शेवटी सगळी सृष्टी देवाकडे परत येईल. चौथ्या शतकात निस्साच्या ग्रेगरीनेही ही आशा धरली. या विचाराचे आजचे लोक म्हणतात, आयोनियस म्हणजे 'येणाऱ्या युगातली' शिक्षा, न संपणारी असं नव्हे. ते 'शिक्षा' या शब्दाकडेही बोट दाखवतात. तो ग्रीकमध्ये 'कोलासिस' आहे, झाडांच्या छाटणीसाठीही वापरला जाणारा शब्द. अॅरिस्टॉटलने म्हटलं आहे की कोलासिस भोगणाऱ्याच्या भल्यासाठी असते, आणि सूड असतो तो घेणाऱ्याच्या समाधानासाठी.

पाचव्या शतकात ऑगस्टिन या बिशपने यावर दिलेलं उत्तर अजून कुणाला सहज खोडता आलेलं नाही. एकाच वाक्यात, एकच विशेषण. शिक्षा संपते म्हणाल तर जीवनही संपतं म्हणावं लागेल. पश्चिमेतल्या चर्चची मुख्य धारा, कॅथलिक आणि नंतर प्रोटेस्टंटही, यामागेच राहिली. ओरिजेनच्या मताविरुद्ध तर ५४३ मध्ये सम्राट जस्टिनियनने फर्मानच काढलं होतं.

तिसरा पक्ष म्हणतो की दुष्ट शेवटी नाहीसे होतात, अनंतकाळ यातना भोगत राहत नाहीत. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट हे मानतात, यहोवाचे साक्षीदारही वेगळ्या मार्गाने तिथेच पोचतात. जॉन स्टॉट या इव्हँजेलिकल धर्मगुरूने १९८८ मध्ये, ठाम दावा न करता, आपला कल तिकडे असल्याचं सांगितलं तेव्हा बरीच खळबळ झाली. यांचा आधार मत्तय १०:२८, जिथे देव आत्मा आणि शरीर दोन्हींचा नरकात 'नाश' करू शकतो असं म्हटलं आहे. पण तिथलं ग्रीक क्रियापद 'आपोल्लुमी' आहे, आणि लूक १५ मधल्या मेंढरासाठी, नाण्यासाठीही तेच येतं. तिथे मराठीत आपण 'हरवलेलं' म्हणतो. एकच क्रियापद, इथे नाश, तिथे हरवणं. हरवलेलं सापडू शकतं, नाश झालेलं नाही. मराठीला दोन्हीकडे एक शब्द चालला नसता हे खरं, पण शब्द निवडताना भाषांतरकाराने एक दार लावून घेतलं हेही खरं.

सिरियाचा इसहाक हा सातव्या शतकातला साधू म्हणतो की गेहेन्नात माणसाला जे फटके बसतात ते प्रेमाचेच असतात. देवाचं प्रेम सगळ्यांवर सारखंच पडतं, पाप केलेल्याला तेच जाळतं. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत हा सूर मोठा आहे. पश्चिमेत पोप दुसरे जॉन पॉल यांनी जुलै १९९९ मध्ये सांगितलं की नरक ही जागा असण्यापेक्षा देवापासून स्वतःहून तुटलेल्या माणसाची अवस्था आहे. हे मराठीत सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे 'नरकात जाणं' आहे तसं 'नरक भोगणं'ही आहे. पहिल्यात जागा आहे, दुसऱ्यात अवस्था.

मराठीची आणखी एक जागा दाखवल्याशिवाय राहवत नाही. नरकाच्या वर्णनात 'रडणे व दात खाणे' हे शब्द येतात. बरेच लोक त्याचा अर्थ वेदनेने दात आवळणं असा धरतात. पण मराठीत दात खातो तो चिडलेला माणूस, दुखणारा नव्हे. आणि मूळ ग्रीकमध्येही तेच दिसतं: बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात स्तेफन या येशूच्या अनुयायावर चिडलेले लोक दात खातात, तिथे त्याच धातूचं क्रियापद आहे. म्हणजे बाहेर राहिलेले अजूनही देवावर रागावलेलेच आहेत. आपल्या वाक्प्रचाराने मूळ अर्थ किती नेमका पकडला पाहा.

आता परत विश्वासांगीकाराकडे. तिथलं लॅटिन 'देस्केन्दित आद इन्फेरोस' आहे, खाली असलेल्यांकडे, म्हणजे मेलेल्यांकडे उतरला. ऑर्थोडॉक्स चित्रांत हा क्षण रंगवतात. इस्तंबूलच्या एकेकाळच्या कोरा चर्चमध्ये, जिथे आता मशीद आहे, चौदाव्या शतकातलं असं भित्तिचित्र आहे. पायाखाली हेडीसची मोडलेली दारं, कुलपं, खिळे विखुरलेले, आणि येशू एका हाताने आदामाला, दुसऱ्या हाताने हव्वेला मनगटाला धरून थडग्यांतून ओढून काढतो आहे. मेलेल्यांना आणायला तो मेलेल्यांत गेला, असा त्या वाक्याचा अर्थ. प्रोटेस्टंट धर्मसुधारक कॅल्विनने ते वाक्य निराळं लावलं, क्रुसावरच्या यातनांना. पण 'नरकात उतरला' लिहिलं की मराठी वाचकाला वाटणार, येशूला पापाची शिक्षा भोगायला नरकात पाठवलं. काकूंना खटकलं ते हेच असणार. इंग्रजी उपासनेतही विसाव्या शतकात 'हेल' काढून 'मृतांमध्ये उतरला' अशा अर्थाचं वाक्य अनेक ठिकाणी आलं, ते याच कारणाने.

एक कबूल करायला हवं. ही रेघ बायबलमध्येच सगळीकडे सरळ नाही. लूक १६ मधला श्रीमंत माणूस हेडीसमध्ये आहे, म्हणून मराठीतही 'अधोलोकात', आणि तरी तो ज्वाळेत क्लेश भोगतो. पण प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या शेवटी मरण आणि अधोलोक दोन्ही अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. दोन्ही एकच असते तर एकाला दुसऱ्यात टाकता आलं नसतं.

म्हणून: 'अधोलोकात उतरला' तसंच ठेवा. वाचणाऱ्याला कळत नसेल तर तळटीप द्या, 'मृतांचा लोक' एवढी पुरे. 'सार्वकालिक'ही बदलू नका. 'चिरंतन' आपण सत्याला, आनंदाला, नात्याला लावतो, शिक्षेला ते शोभत नाही. बदलायचंच ठरलं, तर मत्तय २५:४६ मध्ये शिक्षेला आणि जीवनाला दोन्हीकडे एकच विशेषण राहील एवढं पाहा. आणि छापायला देण्याआधी तो मजकूर एकदा काकूंना मोठ्याने वाचून दाखवा.