ट्रेलरवरचं विमान ओळखताना

महामार्गावर ट्रेलरवरून लढाऊ विमान नेताना दिसलं, तर पंख शोधू नका. मिग-२१चा पंखविस्तार ७.१५ मीटर, महामार्गाची एक लेन साधारण ३.५ मीटर, म्हणून पंख काढूनच नेतात. मुख्य चाकांचे पाय पंखांनाच जोडलेले, त्यामुळे धड चाकांवर नाही, आधारावर टेकवलेलं दिसतं. नवखे इथेच फसतात, त्यांना ते क्षेपणास्त्र वाटतं!

आधी नाक बघा. गोल तोंड आणि मधोमध शंकू असेल तर बहुधा मिग-२१. कॉकपिटमागे दोन्ही बाजूंना हवेची तोंडं असतील तर जग्वार हे लढाऊ विमान असू शकतं. ताडपत्री असली तरी नाकाचा घेर कळतो. शेपटीजवळचा क्रमांक दिसला तर लगेच टिपा, बायसनचा, म्हणजे मिग-२१च्या सुधारित आवृत्तीचा, 'सीयू'ने सुरू होतो. फोटो मात्र शेजारी बसलेल्यानेच काढावा, गाडी चालवणाऱ्याने कधीच नाही.